आमचा भविष्यकाळ राहिलाय

“कितवा नंबर आहे?” अण्णांनी विचारलं.

“नंबर दिलेला नाही.”

“नंबर नाही तर यादी कसली? नीट बघ. खाली कुठंतरी असंल.”

मी पान पुन्हा खालपर्यंत ओढलं. अमेरिकेतल्या त्या कॉलेजनं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. माझा अर्ज त्यांना अतिशय आवडला होता. यंदा परदेशातून कधी नव्हे इतके अर्ज आले होते. आणि मला प्रतीक्षा यादीत जागा देताना त्यांना आनंद होत होता. नंबर कुठंच नव्हता.

जयसिंगपूरच्या बसस्थानकासमोर एक नेट कॅफे होता, तिथं आम्ही बसलो होतो. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान मोटार रिवाइंडिंगचं. शेतकऱ्यांच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी यायच्या, अण्णा त्यांची जुनी तार काढून नवी गुंडाळून द्यायचे. त्या दिवशी ते हातातलं काम टाकून तसेच उठून आले होते. त्यामुळं सगळ्या कॅफेत तारेला लावायच्या वॉर्निशचा वास भरला होता.

“रेल्वेत असतंय तसंच की, काका,” कॅफेवाला इमरान गल्ल्यावरून म्हणाला. “चार्ट लागला की होतंय कन्फर्म. वेटिंगवाले निम्मे तरी जात्यातच.”

अण्णांना ते पटलं. मला पटलं नाही, पण मन रमवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

मी तेव्हा नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. ते कॉलेज मीच इंटरनेटवर शोधलं होतं. लहान गावातलं, लहानसंच, पण बाहेरच्या देशातून निवडलेल्या थोड्या मुलांचा सगळा खर्च उचलणारं. त्यांनी मागितलेल्या निबंधात मी जळालेल्या मोटारींविषयी लिहिलं होतं. अण्णांना भारतीय संस्कृतीविषयी लिहिलंय असं सांगितलं होतं, म्हणजे त्यांनी वाचून दाखव म्हणायला नको.

संध्याकाळपर्यंत गावात फिरता फिरता बातमीतला ‘वेटिंग’ हा शब्द गळून पडला. मगदुमांची पद्मजा अमेरिकेला निघाली, एवढंच उरलं. बँकेतल्या साहेबांनी अण्णांकडं पेढे मागितले. आईनं एप्रिलच्या उन्हात स्वेटर विणायला घेतला. मी कुणाला खरं सांगायला गेले की समोरचा, “हां हां, होणारच गं,” म्हणायचा, आणि मुलगी किती नम्र आहे याचं घरी जाऊन कौतुक करायचा.

मेलच्या शेवटी एक ओळ होती. दरम्यान तुमच्या बाबतीत काही नवं, सांगण्याजोगं घडलं तर आम्हाला जरूर कळवा.

“म्हणजे त्यांना अजून काहीतरी पायजे,” अण्णा रात्री जेवताना म्हणाले. “नवीन काय घडलंय आपल्यात?”

“काही नाही.”

“मग घडवूया.”

पहिल्यांदा त्यांनी वृक्षारोपण घडवलं. दगडासारख्या जमिनीत दुकानातल्या कारागिरांनी खड्डे खणले, मी हातात रोप धरून उभी राहिले, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी शेळ्यांनी रोपं खाल्ली. मी कॉलेजला कळवलं की आम्ही वृक्षारोपण केलं. शेळ्यांचं कळवलं नाही. ‘आपल्या सातत्यपूर्ण उत्सुकतेबद्दल आभार’ असं उत्तर आलं. ते मशीननं पाठवलेलं होतं हे मला कळलं, अण्णांना मी कळू दिलं नाही.

मग एका सकाळी लीलाक्का खोत दुकानात आल्या. मळ्यातली मोटार जळाली म्हणून आल्या होत्या. त्यांचा मुलगा टेक्सासमध्ये असतो हे गावाला ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

“पद्मा, जरा नातवाशी बोल गं. त्याला मराठी येत न्हाई. त्याला विचार, जेवलास का.”

मी विचारलं. पलीकडून पोरगा म्हणाला, हो. मी सांगितलं, हो म्हणतोय.

“काय जेवलास विचार.”

मी विचारलं. तो म्हणाला, काहीतरी. मी ते सांगितलं. लीलाक्कांनी फोन परत घेतला आणि पदरानं पुसून पिशवीत टाकला. एवढ्यावर आजी-नातवाचं बोलणं संपलं.

अण्णा तार गुंडाळायचं थांबले होते. “हे बघ,” मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “हीच समाजसेवा! म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी शिकव. गावात घराआड एक पोरगं परदेशात आहे. हजारभर शब्द शिकवायचे, दोन फोटो काढायचे, पाठवून द्यायचं.”

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी मिळवली. पहिल्या दिवशी ‘ज्येष्ठ नागरिक इंग्रजी संभाषण वर्ग’ असा फलक आणि फोटोग्राफर दोन्ही आणले. फोटो झाले, चहा झाला, सगळे घरी गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयाचा शिपाई घरी आला. “म्हातारी माणसं वर येऊन बसल्यात. बाई कुठं गेल्या विचारत्यात.”

असा तो वर्ग सुरू झाला. मी चिडूनच शिकवायची. मला त्या वेळेत इमरानकडं बसून मेल बघायचा असायचा. तिथं रोज काहीच आलेलं नसायचं, पण ते न आलेलं बघायलाही जावं लागतं. वर्गात मात्र मला सगळे वचकून असत. बाहेर मला ‘पद्मा’ म्हणणारी माणसं जिना चढून आली की ‘बाई’ म्हणायला लागत.

सगळ्यांत पुढं बसायचे घोरपडे मामा. एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर ध्वनिक्षेपकावरून गाड्या सोडल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नसे. ‘माय नेम इज दत्ताजीराव घोरपडे’ हे वाक्य ते असं म्हणत की खाली वाचनालयात पेपर वाचणारे उठून उभे राहावेत.

लीलाक्कांना इंग्रजी आवडलं ते एका कारणासाठी. आमच्याकडच्या जुन्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. सून मुंबईची, ती त्यावरून हसायची. “इंग्रजी बरी गं,” त्या म्हणाल्या. “आय वेंट. बाई जावो न्हाईतर बुवा जावो, एकच. सुनंला हसायला जागाच न्हाई.”

आणि शेवटच्या बाकावर मुजावर चाचा असायचे. टेलर होते. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये दिली होती आणि जावई तिथंच जन्मलेला. चाचांना सगळं इंग्रजी नकोच होतं. त्यांना एकच वाक्य हवं होतं, ‘तिला एकदा घेऊन या.’ मी लिहून दिलं. ते त्यांनी आठवडाभर पाठ केलं आणि मग अडले.

“बाई, यात जावयाला ‘तू’ म्हणायचं का ‘आपण’?”

“इंग्रजीत दोन्हीला ‘यू’च.”

“मग त्याला कसं कळायचं, मी ‘आपण’ म्हणालोय म्हणून?”

मी फळ्यावरचा ‘यू’ पुसून जरा मोठा काढला.

मे गेला, जून गेला. बारावीचा निकाल लागला. माझ्या मैत्रिणी पुण्याला, सांगलीला गेल्या. मीही सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालून ठेवलं, पण वर्गात बसले की वाटायचं, आपण इथल्या नाही. संध्याकाळी मेल उघडला की कळायचं, तिथल्याही नाही. रस्त्यात लोक विचारत, “अजून इथंच?” जणू मी गाडी चुकवली होती. अण्णा रोज जेवताना विचारायचे, “लागला का चार्ट?” एक दिवस मी ताट तसंच ठेवून उठले. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसतं माझ्याकडं बघायला लागले. ते जास्त वाईट होतं.

जुलैत एकदा वर्गात माझा तोल गेला. भूतकाळ शिकवून दोन आठवडे झाले होते, आणि घोरपडे मामा अजून ‘आय गो यस्टरडे’ म्हणत होते.

“मी काही कायमची इथं नाही,” मी खडू टाकून म्हणाले. “मला बोलावणं आलं की मी त्याच दिवशी निघणार. मग कुणाकडून शिकायचं ते बघा.”

घोरपडे मामांनी वही मिटली. मग लीलाक्का हळूच म्हणाल्या, “व्हय, पण बाई, आमचा भविष्यकाळ राहिलाय की अजून.”

कुणी हसलं नाही. त्या व्याकरणाविषयीच बोलत होत्या. मी खडू उचलला आणि पुन्हा ‘वेंट’ लिहिलं.

त्याच महिन्याच्या शेवटी कॉलेजचा मेल आला. या वेळचा मशीननं पाठवलेला नव्हता. खाली एका बाईंची सही होती. अण्णा बरोबर होते. मी वाचत गेले आणि त्यांना मराठीत सांगत गेले.

‘आपल्या विद्यार्थ्यांच्या वतीनं आलेलं पत्र आमच्या कचेरीत सगळ्यांनी वाचलं. शिकवण्याची जी जबाबदारी आपण घेतली आहे ती दिवाळीपर्यंत सोडता येणार नाही, हे आम्ही समजू शकतो आणि त्याचा मनापासून आदर करतो. या आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांची एक जागा रिकामी झाली होती आणि ती आपल्याला देण्याचा विचार होता. परंतु आपण यंदा येऊ शकत नसल्यानं ती यादीतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली आहे. पुढच्या वर्षी आपण जरूर अर्ज करावा.’

इमराननं पंखा बंद केला, का ते मला माहीत नाही.

“दिवाळी?” अण्णा म्हणाले. “अमेरिकेला दिवाळी कुणी सांगितली?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे जागा आलती?”

“आलती.”

“आणि गेली?”

“गेली.”

मी तिथंच बसून लिहिलं, की असं पत्र मी पाठवलेलं नाही, मी येऊ शकते, उद्या निघू शकते. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. गैरसमजाबद्दल त्यांना फार वाईट वाटत होतं. जागा भरली होती.

अण्णांनी ते ऐकलं आणि ते वाचनालयाच्या दिशेनं चालायला लागले. मी मागून पळत गेले. जिन्यात त्यांना गाठलं तेव्हा ते पुटपुटत होते, “कोण हाय ते बघतोच. ज्याची त्याची मोटार जळंल त्यानं आता मिरजंला न्यावी.”

वर वर्ग भरला होता. आम्हाला दारात बघून घोरपडे मामा उठले.

“ये सुकुमार, बस,” ते अण्णांना म्हणाले. “बाई, उत्तर आलं का हो आमच्या पत्राला?”

“कसलं पत्र?” मी विचारलं.

ते एकमेकांकडं बघून लहान मुलांसारखे हसले. “तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुमचंच काम होतं ना ते. आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलं आणि इमरानकडनं धाडलं.”

“पत्ता कुठं मिळाला?”

“तुम्हीच फळ्यावर लिहिला होता. ईमेलचा पत्ता कसा असतो ते शिकवताना. आमच्या वह्यांत आहे सगळ्यांच्या.” मग ते वळले आणि आगारात गाडी सोडावी तसं म्हणाले, “लीलाक्का! वाचून दाखवा!”

लीलाक्का उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला, चष्मा लावला आणि कागद दोन्ही हातांत धरला. तोवर त्यांनी माझ्यासमोर सलग दोन वाक्यांपलीकडं कधी वाचलेलं नव्हतं.

“रिस्पेक्टेड सर,” त्यांनी सुरुवात केली. “वुई आर ओल्ड पीपल. पद्मजा इज अवर टीचर. शी इज अँग्री. बट शी इज गुड. बिफोर, आय टॉक टू माय ग्रँडसन, झीरो. नाऊ आय टॉक. ही लाफ्स. आय लाफ. प्लीज टेक हर इन युवर कॉलेज. शी इज व्हेरी सॅड फॉर युवर कॉलेज. बट सर, अवर फ्युचर टेन्स इज रिमेनिंग. सो प्लीज टेक हर आफ्टर दिवाळी. थँक यू.”

एका दमात, न अडखळता. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुजावर चाचांनी शेवटच्या बाकावरून मला दोन्ही हातांनी सलाम केला.

“दिवाळीचं वाक्य माझं,” घोरपडे मामा म्हणाले. “विचार केला, बाईंचं काम होऊ दे, पण आपलंही होऊ दे. मग, काय म्हणतंय कॉलेज?”

अण्णा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, मान तेवढी दिसत होती, आणि ती लाल झाली होती. ते घसा खाकरले. आता ते बोलणार, असं मला वाटलं. ते बोलले असते तर मला त्या क्षणी बरंच वाटलं असतं.

पण लीलाक्का अजून उभ्याच होत्या. पास झाल्याचं प्रमाणपत्र असावं तशी कागदाची एकेक घडी त्या जपून घालत होत्या.

“विचार करतायत,” मी म्हणाले.

“इंग्रजीत सांगा की, बाई!”

“दे आर थिंकिंग.”

“दे आर थिंकिंग!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

“हा कुठला काळ झाला?” मामांनी विचारलं.

“चालू वर्तमानकाळ.”

“म्हणजे अजून चालू आहे,” ते खूश होऊन म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

अण्णा चौकटीपासून हलले. खाली जातील असं वाटलं, पण ते मुजावर चाचांच्या शेजारी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वर्ग सुटेपर्यंत ते तिथं होते. घरी येताना त्यांनी एकच सांगितलं, “लीलाक्काची मोटार परत जळून आलती, ती उद्या देऊन टाकतो. तयार हाय.”

पुढच्या आठवड्यात मी वर्गाला सांगितलं, की यंदा एकही जागा निघाली नाही. सगळ्यांनी माझी समजूत काढली. अमेरिकेचा कारभार पहिल्यासारखा राहिलेला नाही, असं घोरपडे मामांचं मत पडलं. मग मी भविष्यकाळ सुरू केला आणि दिवाळीपर्यंत पुरवला. शिकवताना पहिल्यासारखी चिडत नव्हते, तर लीलाक्कांनी एकदा आईला विचारलं, पोरीला बरं नाही का म्हणून.

चाचांनी आपलं वाक्य म्हटलं ते वर्गातूनच, फोनवर. म्हणताना त्यांनी दुसरा हात छातीवर ठेवला होता. ‘आपण’ त्यांनी तसा म्हटला असावा. पलीकडून जावयानं बराच वेळ काहीतरी उत्तर दिलं. चाचांना त्यातलं अक्षर कळलं नाही, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडं दिला. जावई म्हणत होता, बघू, पुढच्या उन्हाळ्यात जमतंय का. मी चाचांना सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात म्हणतायत. तो भविष्यकाळ होता एवढं तर खरंच होतं.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा अर्ज केला. खरं तर मी करणार नव्हते. फी भरून सांगलीचा पास काढला होता, प्रयोगशाळेत मन लागायला लागलं होतं. अण्णांनीच एका रविवारी दुकान बंद ठेवलं, मला इमरानकडं नेलं आणि बाहेर बाकावर बसून राहिले. मार्चमध्ये उत्तर आलं. या वेळी यादी नव्हती. थेट जागा होती, आणि खाली त्याच बाईंनी स्वतःहून एक ओळ जास्तीची लिहिली होती, की आपल्या विद्यार्थ्यांना आमचा नमस्कार कळवा, ते पत्र आमच्या कचेरीत भिंतीवर लावलेलं आहे.

नमस्कार मी कळवला. त्यामुळं मी निघाले त्या दिवशी बसस्थानकावर वाचनालयाचा अख्खा वर्ग हजर होता. मुंबईची गाडी फलाटाला लागली. घोरपडे मामा आपल्या जुन्या आगारातल्यासारखे पुढं झाले आणि त्यांनी कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि आजूबाजूच्या तमाम प्रवाशांना त्या आवाजात सांगितलं, की ही मुलगी अमेरिकेला चालली आहे, आणि कॉलेजला पत्र कुणी लिहिलं, तर आम्ही.

“खोटं वाटत असंल तर तिच्या बापाला विचारा,” ते म्हणाले. “काय सुकुमार? आमच्या पत्रानं गेली का न्हाई?”

अण्णा टपावर बॅग बांधून खाली उतरत होते. शिडीवर ते जरा थांबले. खिडकीतून मी त्यांच्याकडं बघत होते, आणि त्यांनीही माझ्याकडंच बघितलं.

“व्हय मामा,” अण्णा म्हणाले. “तुमच्याच पत्रानं गेली.”

मामांनी सगळ्यांकडं अभिमानानं बघितलं. अण्णा हसायला लागले. इतकं, की त्यांना शिडी धरून उभं राहावं लागलं. गाडी हलली तेव्हाही ते हसतच होते. मीही हसत होते. आणि लीलाक्का, दोघं एवढं कशाला हसतायत ते न कळून, डोळे पुसत खिडकीबरोबर चालत होत्या.